घरमालकांचा दर्या

भिवंडीत एखादा माणूस हळू आवाजात बोलतो, असं मी शपथेवर सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवू नका. मी त्या गावात सहा वर्षं मास्तरकी केली. दिवसरात्र यंत्रमागांची खटाखट. त्यामुळे लग्नाची बोलणी असोत की मयताचा निरोप, सगळं ओरडून सांगायची रीत. नवराबायकोचं भांडण ऐकायला शेजाऱ्यांना भिंतीला कान लावायचे कष्ट पडत नसत. अशा गावात कुजबुजत बोलणारा एकच गृहस्थ मला भेटला, आणि तोही माणसांशी नव्हे, दगडांशी कुजबुजायचा. हे गृहस्थ म्हणजे माझे घरमालक. माणसांशी तेही ओरडूनच बोलत.

सगळी आळी त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादा म्हणू लागलो. खाडीकाठच्या गावातलं शेतकरी घराणं. तरुणपणी दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे, आणि पुढे स्वतःचे चार माग टाकून बसले होते. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे चार माग, अलीकडे दादांची पुढची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे मी. मी दुष्काळी मुलखातला, भूगोलाचा शिक्षक. समुद्र मी नकाशात निळा रंगवलेला पाहिला होता, तेवढाच. खोली बघायला गेलो त्या दिवशी दादांनी मला नाव-गाव-जात काहीच विचारलं नाही. ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि एका पाच फुटी काचेच्या पेटीसमोर बसवलं. आत पाणी, पाण्यात दगड. पाच मिनिटं मी शहाण्यासारखा दगड बघत बसलो. मग त्यातल्या एका दगडाने बोटं बाहेर काढली. मी दचकून मागे सरलो, तशी दादांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "भ्यालात न्हवं? मंग ऱ्हा आमच्याकडं. ज्याला कायच वाटत न्हाय, त्याला मी खोली देत न्हाय."

ते दगड नव्हते, पोवळी होती. पुस्तकात त्यांना प्रवाळ म्हणतात, हे मी मोठ्या विद्वत्तेने दादांना सांगितलं आणि त्यांनी ते मोठ्या मनाने सोडून दिलं. तरुणपणी मुंबईच्या मत्स्यालयात सगळं गाव मासे बघत असताना हा माणूस माशांच्या मागचा दगड बघत उभा राहिला होता. 'मासं पळत्यात, त्यांचं काय बगायचं,' हे त्यांचं म्हणणं. तेव्हापासून हे वेड. वसईपलीकडच्या खडकांत मोठी ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी एकेक पोवळं हेरून आणलं, आणि एक तर मालवणकडच्या ओळखीच्या तांडेलाने होडीतून पाठवलेलं. ते मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं होतं आणि दिवसभर काहीही करत नसे. मी राहायला आल्यावर दादांनी त्याचं नाव 'मास्तर' ठेवलं. दुसरी होती फुलवाली, लांब लांब झिपऱ्या सोडून डोलणारी आणि जवळ येईल त्याला डसणारी. तिसरी हिरवी बटणं. आज चार असली तर महिन्याने चाळीस, लग्नाला येऊन राहिलेल्या नातेवाइकांप्रमाणे पसरत जाणारी. चौथं एक चामड्यासारखं, मऊ, रुसकं पोवळं. ते रुसलं की आठ-आठ दिवस अंग आखडून बसे. त्याचं नाव दादांनी ठेवलं नव्हतं, पण त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, स्वयंपाकघरात असल्या की त्याच्याकडे बघून ते मला डोळा मारत.

ही चार तऱ्हेची मंडळी एका पेटीत नांदवायची म्हणजे सोपं काम नव्हे. पण दादांकडे त्याचा एक कायदा होता आणि तो त्यांना समुद्राने नव्हे, मागांनी शिकवला होता. "मास्तर, मागाला माग चिकटून लावला तर काय होतंय? ह्याचा धोटा उडतो नि त्याच्यावरच्या मानसाचा डोला जातो. मंग दोगंबी बेकार." त्यांच्या स्वतःच्या भुवईवर धोट्याची, म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या टोकदार लाकडाची, जुनी खूण होती, ती ते दाखवत. फुलवालीच्या झिपऱ्या म्हणजे तिचा धोटा. तो कुठवर उडतो हे त्यांनी महिनाभर बसून पाहिलं होतं आणि उत्तर काढलं होतं: एक वीत. म्हणून दादांच्या पेटीत प्रत्येकाच्या चहूबाजूंना एक वीत रिकामी. ती वीतही त्यांचीच, मोठ्या पंजाची. माझ्या वितीने मोजायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला.

पोवळ्यांना श्वासाला हवा लागते. त्यासाठी भिंतीला भोक पाडून मागांच्या शाफ्टवरून एक पट्टा अलीकडे ओढला होता. तो सायकलच्या पंपाचा दट्ट्या वरखाली करी आणि रबरी नळीतून पाण्यात बुडबुडे सुटत. माग चालले की दर्या चाले. गावाला शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी दादा मागांचे पट्टे उतरवून नुसता शाफ्ट फिरवत ठेवत. उत्तरेकडचा एक म्हातारा विणकर कारखान्यातच झोपायचा, तो एकदा कळवळून म्हणाला, "सेठ, जुम्मे के दिन तो मशीन को भी छुट्टी दो." दादांनी शांतपणे सांगितलं, "मशीन को छुट्टी है चाचा. दर्या को नहीं है." त्यावर चाचांनी कानात कापसाचे बोळे घातले आणि उरलेला शुक्रवार त्या पेटीसमोर बसून काढला.

पाणी मात्र खरं समुद्राचंच हवं. भिवंडीच्या खाडीचं पाणी दादा नाक धरून नाकारत. दर आठवड्याला दुधाचे दोन मोठे डबे घेऊन ते एसटीने वसईला जात आणि भरून आणत. एकदा मीही सोबत होतो. कंडक्टरने डब्यावर पंच आपटून विचारलं, "काय आहे यात? दूध?" दादा म्हणाले, "समुद्र." कंडक्टर नवा होता. त्याने झाकण उघडून बोट बुडवलं, चाखलं, खिडकीबाहेर थुंकला आणि त्यानंतर कधीही काही विचारलं नाही. खाणंही तसंच निवडक. वहिनींच्या डब्यातला उत्तम जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, घ्यायचा, खलात कुटून पीठ करायचं, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचं आणि डोळ्यांत औषध घालायच्या नळीने एकेकाला थेंब थेंब भरवायचा. जवळ्याचा डबा हलका लागला की स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजत. दादा तेवढ्यापुरते बहिरे होत.

एकदा पलीकडच्या आळीतल्या एक बाई आल्या. मुलीला मंगळ होता आणि दादांच्या घरी पोवळी पिकतात असं त्यांना कळलं होतं. अंगठीपुरता एक तुकडा द्या, म्हणाल्या. दादा चपापले. "बाय, ह्यो जिता हाय. तुमच्या पोरीला मंगल हाय, ह्यात ह्याचा काय गुन्हा?" मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी तोडगा काढला: मुलीने रोज येऊन अर्धा तास पोवळ्यांसमोर बसावं. मुलगी बिचारी बसली. चार महिन्यांत तिचं लग्न ठरलं आणि दादांनी ते श्रेय बरीच वर्षं मिरवलं.

त्या कोपऱ्यात फिरकत नसत त्या एकट्या वहिनी. पेटी घरात आली त्या दिवशी दादा त्यांना म्हणाले होते, "ह्याला हात लावायचा न्हाय." वहिनींनी ते वाक्य पदरात बांधून ठेवलं. केर काढतानाही पेटीपासून हातभर लांब थांबत, झाडू टेकवून ठेवत आणि ओरडत, "तुमच्या दर्याखालचा केर तुमी काडा." वहिनी मिठागरवाल्यांच्या घरच्या. वडिलांचं मिठागर होतं, ते बंद पडलं, आणि त्या विषयावर त्या कधी बोलत नसत. मला वाटे, या बाईला समुद्राचा रागच असावा.

मग ते वर्ष आलं. त्या हिवाळ्यात दादांच्या मनात आलं की आपल्या मंडळींना ऊन कमी पडतं. त्यांनी पेटीच्या वरची सहा कौलं काढून काचेची कौलं बसवली. पोवळी खूश झाली, आम्ही सगळे पुढच्या खोलीत डोक्यावर पंचा घेऊन बसू लागलो. होळीनंतर ऊन तापलं तसं पेटीतलं पाणी रोज बोटभर खाली जाऊ लागलं. दादांना त्याची फिकीर नव्हती. ते आता दोनाचे चार डबे आणत आणि पाणी गेलं की समुद्र भरत. 'दर्याचं दर्याला,' असं म्हणत आणि धार सोडत.

चैत्र संपता संपता फुलवालीने झिपऱ्या आत घेतल्या. आठवड्याने बटणं मिटली. मग मास्तरच्या वळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसू लागल्या. दादांनी एका क्षणात निदान केलं: भांडण. कुणाचा तरी धोटा उडतोय. त्यांनी वितीची दीड वीत केली. फुलवाली आणि बटणांच्या मध्ये काच उभी केली. संशयाची सुई फिरत फिरत मास्तरवर आली. हा दिवसभर गप्प असतो पण रात्री डसतो, असं ते म्हणू लागले, आणि म्हणताना माझ्याकडे बघू लागले. मला उगाचच अपराधी वाटे. मग त्यांनी शाफ्टचा पट्टा बदलून हवा वाढवली, जवळा दुप्पट केला, मग बंदच केला. वज्रेश्वरीला नारळ ठेवून आले आणि येताना अकलोलीच्या गरम कुंडाचं पाणी डबाभर घेऊन आले. ते औषधी आहे, पण त्याला वास येतो. मंडळींना सोसेल की नाही म्हणून हात आखडला. शेवटी वहिनींनी ते पाणी तापवून दादांच्याच गुडघ्यांवर ओतलं. गुडघे सुधारले. पोवळी नाही.

दादा जेवेनात. कारखान्यात ताणा तुटला तरी उठेनात. चाचा येऊन सांगे, "सेठ, तीन नंबर बंद है," आणि दादा मान हलवत. ज्यांना चार वर्षं थेंब थेंब भरवलं ते सगळेच एकदम जातात की काय, या भीतीने हा धिप्पाड माणूस अर्धा झाला होता. मला ते बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझा जीवही त्या पांढऱ्या पडत चाललेल्या मास्तरात अडकला होता.

वैशाखातल्या एका दुपारी दादा पेटीच्या पायाशी चटईवर पडले होते आणि मी शेजारी वही तपासत होतो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दादांनी पाणी नको म्हणून हात केला. वहिनी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसला आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं. बोट पाण्यात बुडवलं. जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"मास्तर, ह्यात पानी कंचं घालतात?"

"समुद्राचं, वहिनी. आटलं की समुद्राचंच."

"आनि आटतंय ते काय, मिठासकट आटतंय?"

मी वहीत तोंड घातलं. मेहेरबानी करून माझी अवस्था समजून घ्या. त्याच आठवड्यात मी सहावीच्या वर्गात मिठागरं शिकवली होती. पाण्याची वाफ होते, मीठ मागे उरते; फळ्यावर आकृती काढून बाण दाखवले होते. समोर बसलेल्या दोन पोरांनी तर डोळे मोठे करून ऐकलं होतं. आणि घरी येऊन मी रोज त्याच वाफेखाली बसून, ह्या भल्या माणसाला मीठ ओतताना बघत होतो.

"आमच्या बाबांच्या आगरात पानी ह्या खान्यातनं त्या खान्यात फिरवायचं," वहिनी म्हणाल्या. "ऊन खाईल तसं ते जड व्हतं. ह्ये तुमचं तिसऱ्या खान्यातलं पानी हाय. चौथ्यात मीठ धरतंय. तुमी हितं घरात आगर टाकलंय."

दादा चटईवर उठून बसले होते. ते बायकोकडे वळले. मग ज्या आवाजात ते आजवर फक्त पोवळ्यांशी बोलले होते त्या आवाजात म्हणाले, "मंग आदी का न्हाय सांगितलंस?"

"तुमी म्हनलात, हात लावायचा न्हाय. न्हाय लावला."

भिंतीपलीकडे चार माग खटखटत होते आणि अलीकडे आम्ही दोन शहाणे माना खाली घालून बसलो होतो. शेवटी दादा म्हणाले, "आता काय करू, ते सांग." वहिनींनी तोच तांब्या उचलला, दादांनी नको म्हटलेला, आणि विहिरीचं ते गोडं पाणी पेटीच्या कडेने बारीक धारेत सोडलं. एकच तांब्या. दादांना घाई झाली, ते घागर आणायला धावले, तेव्हा वहिनींनी त्यांना दटावलं. "येकदम वतलंत तर मरतील. हलूहलू चडलंय, हलूहलूच उतरवायला पायजे."

दहा-पंधरा दिवस असं चाललं. सकाळी वहिनी यायच्या, चार तांबे पाणी उपसायच्या, पाच तांबे गोडं घालायच्या आणि बोट चाखायच्या. दादा आणि मी मागे हात बांधून उभे. "अजून जड हाय," त्या सांगत आणि आत जात. एका सकाळी दोनदा चाखून म्हणाल्या, "आता बसलं." त्याच संध्याकाळी फुलवालीने एक झिपरी बाहेर काढली. एकच, पण दादा असे ओरडले की चाचांनी मागांचा पट्टाच उतरवला. वहिनींनी पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला कुंकवाची रेघ ओढली; पाणी रेघेखाली गेलं की गोडं पाणी, एवढाच नवा कायदा. काचेच्या कौलांवर गोणपाट आलं. मास्तरची एक कड मात्र कायमची पांढरी राहिली. कुणी पाहुणे दर्या बघायला आले की दादा सगळं सांगत आणि शेवटी म्हणत, "पान्याचं मना इचारू नका. ते तिला इचारा."

पुढची दोन वर्षं चांगली गेली. मग वीजकपात आली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन, मग केव्हाही. माग थांबले की दर्या थांबे. तेव्हा दादा, वहिनी आणि मी पाळीपाळीने सायकलचा पंप हाताने मारत बसायचो. चाचाही एक पाळी करायचा. पण कापसाच्या धुळीने दादांची छाती धरली होती. एक दिवस पंप मारता मारता त्यांना असा खोकला आला की वहिनींनी पंप हातातून काढून घेतला. दादा धाप लागून पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाहुन्यांना घरी पोचवू या. हितं एक दिवस गुदमरून मरतील." मला वाटलं होतं वहिनी 'सुटले' म्हणतील. त्या आत गेल्या आणि डबे घासायला बसल्या.

मोठ्या ओहोटीचा दिवस बघून आम्ही तिघं एसटीत बसलो. चार डब्यांत चार पाहुणे, पेटीतल्याच पाण्यात. कंडक्टर तोच, आता जुना झालेला. त्याने डबे भरलेले पाहिले आणि चक्रावला. "आज उलटं? भिवंडीहून वसईला समुद्र नेताय?" दादा म्हणाले, "परत करायचाय." कंडक्टरने नेहमीप्रमाणे पुढे काही विचारलं नाही. उतरताना मात्र एक डबा त्याने स्वतः खाली उतरवून दिला.

पाणी लांब गेलं होतं, खडक उघडे पडले होते. दादांनी एक खोलगट डबकं निवडलं, भरतीत समुद्राला मिळणारं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते आत उतरले आणि एकेकाला बसवू लागले. बसवायचं, वीत टाकायची, दुसऱ्याला बसवायचं. मला राहवलं नाही. "दादा, एवढा समुद्र पडलाय. जरा ऐसपैस ठेवा की." ते म्हणाले, "दर्या मोटा असंल मास्तर, शेजार ह्योच हाय." आणि पुन्हा वीत टाकली. मास्तरला त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं, पांढरी कड सावलीत येईल असं.

काम संपलं तरी ते उठेनात. लाटांचा आवाज मागांपेक्षा मोठा होता, त्यामुळे ते काय कुजबुजत होते ते मला ऐकू आलं नाही. लांबून पाणी चढू लागलं होतं. मला भरून आलं, आणि हाताशी वही नसल्याने तोंड कुठे लपवावं ते कळेना. तेवढ्यात दादांनी वर न बघता हाक मारली, "अगं, पानी बग जरा."

वहिनी साडी सावरत खडकावरून खाली आल्या. वडिलांचं मिठागर गेल्यापासून त्या समुद्राकडे आलेल्या नव्हत्या. त्या वाकल्या, समुद्रात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग खात्रीसाठी दुसऱ्यांदा चाखलं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "आपल्यासारकंच हाय."

तेव्हा कुठे दादा उठले.